स्कीची कंबर आणि वळणाचे गणित

दरवर्षी जानेवारीत निफाडचा पारा घसरला की वृत्तपत्रांत द्राक्षबागांतील शेकोट्यांची छायाचित्रे येतात, आणि पानांवर गोठलेल्या दवापाशी नाशिककरांची बर्फाशी असलेली ओळख संपते. तरीही गंगापूर रोडवरील आमचे एक स्नेही गेली बारा वर्षे गुलमर्गला स्कीइंगसाठी जात आहेत. भाड्याच्या स्कींना, म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी बुटांखाली बांधायच्या लांब पट्ट्यांना, कंटाळून त्यांनी यंदा स्वतःची जोडी घेण्याचे ठरवले आणि ‘निष्णातांसाठी, गाभ्यात टायटॅनियम’ असे बजावणारी एक जाहिरात मला पाठवली. मी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवले असल्यामुळे या धातूबद्दल माझे मत काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या धातूचे नाव टायटॅनल आहे आणि त्याचा टायटॅनियमशी संबंध जवळजवळ नावापुरताच आहे. ऑस्ट्रियात तयार होणारे हे संमिश्र प्रामुख्याने ॲल्युमिनियमचे असून त्यात जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेले असते. म्हणजे ओझरच्या कारखान्यात ज्या जातीच्या पत्र्यांपासून विमाने बांधतात, त्यांचेच हे भावंड. संमिश्र उत्तम आहे, नाव मात्र फसवे आहे. प्रदर्शनांत रक्तदाब उतरवणारी म्हणून जी ‘टायटॅनियमची’ कडी विकली जातात, तीही धातूच्या गुणावर नव्हे तर नावाच्या वजनावरच खपतात.

स्की निवडताना धातूच्या आधी पाहायची गोष्ट म्हणजे तिचा आकार. वरून पाहिले तर स्की टोकाला रुंद, मधे कंबरेशी अरुंद आणि शेपटाकडे पुन्हा रुंद असते. कडेच्या या आतल्या वक्राला साइडकट म्हणतात. तो काय करतो हे पाहण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची वीतभर लांब पट्टी घ्यावी, तिच्या दोन्ही लांब कडा किंचित आत वळवून कापाव्यात आणि पट्टी टेबलावर एका कडेवर तिरपी धरावी. फक्त दोन टोके टेकतात आणि मध्यभाग अधांतरी राहतो. आता मध्यावर बोटाने दाबल्यास पट्टी वाकते, संपूर्ण कड टेबलाला टेकते आणि टेकलेली रेषा वर्तुळाच्या कमानीसारखी दिसते. कडेवर झुकलेला स्कीपटू आपल्या वजनाने हेच करत असतो, आणि स्की त्या कमानीवरून घसरत न जाता बर्फात कोरल्यासारखी वळते.

या कमानीची त्रिज्या शाळेतल्या भूमितीने काढता येते. समजा, टोक १३० मिलिमीटर, कंबर ९० आणि शेपूट ११६ मिलिमीटर रुंद आहे. टोक व शेपूट यांच्या सरासरीच्या निम्म्यातून कंबरेची निम्मी रुंदी वजा केली की साइडकटची खोली १६.५ मिलिमीटर येते. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरून तिच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागले की त्रिज्या सुमारे १७ मीटर मिळते. स्की जितकी कलवावी तितकी ती अधिक वाकते आणि वळणाची त्रिज्या कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणल्याइतकी कमी होते, म्हणून ४५ अंशांवर ती १२ मीटर आणि ६० अंशांवर साडेआठ मीटर होते.

यापुढचा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो, आणि वाचकाने एकदा कागद-पेन्सिल घ्यावी अशी विनंती आहे. कसारा घाटात वळणावर मोटारसायकलस्वार झुकतो तेव्हा झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट हा वेगाच्या वर्गाला त्रिज्या व गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराने भागल्याइतका असतो. घाटातील वळणाची त्रिज्या रस्त्याने ठरवलेली असते. स्कीवर मात्र ती झुकण्यानेच ठरते. म्हणून या सूत्रात त्रिज्येऐवजी ‘साइडकटची त्रिज्या गुणिले कोसाइन’ घातले की वेगाचा वर्ग हा साइडकटची त्रिज्या, गुरुत्वीय त्वरण आणि कोनाचा साइन यांच्या गुणाकाराइतका येतो. साइन एकाच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे प्रत्येक स्कीला अशा शुद्ध कोरीव वळणासाठी एक वेगमर्यादा असते. १७ मीटर त्रिज्येच्या स्कीला ती ताशी सुमारे ४६ किलोमीटर, २२ मीटर त्रिज्येच्या स्कीला सुमारे ५३ आणि पुरुषांच्या जायंट स्लॅलम शर्यतीतील ३० मीटर त्रिज्येच्या स्कीला सुमारे ६२ येते. उताराचा आणि शरीर कंबरेत मोडण्याचा हिशेब घातला की हे आकडे बदलतात, पण त्यांच्यातील तुलना टिकते. नवशिक्याला लहान त्रिज्या सोयीची वाटते आणि वेगाने जाणारा निष्णात मोठी त्रिज्या मागतो, ते यामुळेच.

टायटॅनलची पाळी आता येते. कलवलेल्या स्कीचे टोक बुटापासून दूर असते आणि कठीण बर्फ त्याला उलट पिळण्याचा प्रयत्न करतो. टोक पिळले गेले तर तिथली कड बर्फातून सुटते आणि वरचे सगळे गणित कागदावरच राहते. लाकडी गाभ्याच्या वर-खाली चिकटवलेले, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे हा पीळ रोखतात. शिवाय त्यांचे वजन आणि त्यांच्यालगतचे रबराचे थर टोकाची थरथर कमी करतात. मात्र हेच पत्रे स्कीला वाकण्यासही ताठ करतात, म्हणून ५५ किलोच्या माणसाने ९० किलोच्या माणसाची स्की घेतल्यास ती त्याच्याखाली पुरेशी वाकतच नाही. ‘हनुवटीपासून कपाळापर्यंत’ हे लांबीचे प्रचलित माप उंची विचारते, स्कीला मात्र वजन जाणवते.

कंबरेच्या रुंदीबाबत थोडक्यात सांगता येईल. चोपलेल्या वाटेवर आणि मोकळ्या बर्फातही चालणाऱ्या, म्हणजे ऑल-माउंटन प्रकारच्या स्कींची कंबर साधारण ८५ ते १०० मिलिमीटर असते. रुंद स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते. कठीण बर्फावर तिची कड पावलाच्या मध्यरेषेपासून दूर पडल्याने घोटा आणि गुडघ्यावरील पीळ वाढतो. टोक आधीपासूनच वर उचललेले असणे, ज्याला रॉकर म्हणतात, हे भुसभुशीत बर्फात उपयोगी पडते, पण कठीण बर्फावर टेकणारी कड त्यामुळे आखूड होते.

आमचे स्नेही गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराच्या अंगावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर जातात आणि तिथून न चोपलेल्या बर्फात उतरतात. त्यांचे वजन ८२ किलो आहे. त्यांना मी कंबर ९८ ते १०० मिलिमीटर, त्रिज्या १८ ते २० मीटर, टोकाला माफक रॉकर आणि पूर्ण पत्र्याऐवजी फक्त मध्यपट्टीत टायटॅनल असलेली जोडी पाहण्यास सुचवले. जाहिरातीतील स्कीची कंबर ८४ मिलिमीटर होती.