सेकंडहँड डिझेल बघताय? मीटरच्या आधी फेरी विचारा

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न, डिझेल घेऊ की पेट्रोल, आणि ठरलेलं उत्तर म्हणजे रनिंग जास्त असेल तर डिझेल, कमी असेल तर पेट्रोल. हे चुकीचं नाही पण अर्धवट आहे. समजा दोघांचंही रनिंग महिन्याला हजार किलोमीटर, पण एक जण रोज पाच-पाच किलोमीटरच्या सहा-सात फेऱ्या मारतो आणि दुसरा आठवड्यातून एकदाच अडीचशे किलोमीटर हायवेने जाऊन येतो, तर मीटरवर आकडा तोच दिसतो पण इंजिनाच्या आत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. का पडतो ते कळायला थोडं आत डोकवावं लागेल.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळून दाबतात आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये पेटंट मागितलं ते याच कल्पनेवर, की नुसती हवा इतकी दाबायची की तीच प्रचंड तापेल आणि मग त्यात इंधन सोडलं की आपोआप पेट घेईल. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम लागतो ना, तेच तत्त्व. आजच्या डिझेल इंजिनात हवा साधारण 15 ते 18 पट दाबली जाते आणि तिचं तापमान 500 अंशांच्या वर जातं. पेट्रोल इंजिनात हे बहुतेक वेळा 10-12 पटींवरच थांबवावं लागतं, त्यापुढे दाबलं तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटायला लागतं.

जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं, हा डिझेलच्या अ‍ॅव्हरेजचा एक भाग. दुसरा भाग थ्रॉटलचा. हळू चालताना पेट्रोल इंजिन अर्धवट बंद झडपेतून हवा ओढत असतं, नाकावर फडकं धरून श्वास घ्यावा तसं, आणि त्यात ताकद वाया जाते, डिझेल मात्र मोकळा श्वास घेतं आणि फक्त इंधन कमी-जास्त करतं. तिसरा भाग लोक विसरतात, तो म्हणजे डिझेल मुळातच दाट असतं, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणून ‘लिटरला इतके किलोमीटर’ ही तुलना पूर्ण सरळ नाही.

आता गंमत बघा. डिझेल उष्णता कमी वाया घालवतं म्हणून ते तापायलाही वेळ लावतं. हळू ट्रॅफिकमध्ये त्याच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर पेट्रोलच्या मानाने बराच थंड असतो. म्हणजे जी गोष्ट त्याला काटकसरी बनवते तीच छोट्या फेऱ्यांत त्याच्या मुळावर उठते.

कारण नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची सिरॅमिकची जाळी, त्यात काजळी साठत जाते आणि ती जाळून टाकायला सुमारे 600 अंश तापमान लागतं. हायवेवर धूर बऱ्यापैकी तापलेला असतो म्हणून हे काम सहज उरकतं. गरज पडली की इंजिन स्वतःच थोडं जादा डिझेल मारून फिल्टर तापवतं, पण त्यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालायला हवी. तुम्ही सातव्या मिनिटाला गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं, पुढच्या वेळी परत सुरू, परत अर्धवट. आणि अनेक गाड्यांत ते जादा डिझेल सिलेंडरमध्येच मारलं जातं, त्यातलं काही भिंतीवरून ओघळत खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, आणि त्याच ऑइलवर टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारत असतो!

मित्रासाठी गाड्या बघत होतो तेव्हा हे अगदी हातात बघायला मिळालं. चार वर्षांची डिझेल, एकच मालक, मीटर खूप कमी, रंग चकाचक. मित्र तर जवळपास हो म्हणून बसला होता. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसून परत घालून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर, आणि नाकाशी नेली तर डिझेलचा स्पष्ट वास. मालक प्रामाणिक होते, विचारलं तर म्हणाले गाडी फक्त मुलांना शाळेत सोडायला आणि बाजारात जायला वापरली. ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात, वाढलेलं ऑइल मात्र कुणी बघतच नाही. शेवटी मित्राने घेतली ती दीड लाख किलोमीटर झालेली, जवळजवळ सगळं रनिंग हायवेचं. तिच्या सायलेन्सरच्या तोंडात टिश्यू फिरवला तर जेमतेम करडा झाला. फिल्टर असलेल्या डिझेलच्या नळीत काळीकुट्ट काजळी मिळाली तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय अशी शंका घ्यायची. (जुन्या, फिल्टर नसलेल्या डिझेलला ही टेस्ट लागू नाही, तिथे काळं असणारच.)

पेट्रोलला छोट्या फेऱ्या चालतात असं नाही, ऑइलमध्ये पाणी साठतं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात तर झडपांवर कार्बन बसतो, कारण झडपा धुवून काढणारं पेट्रोल आता तिथून जातच नाही. पण साध्या पेट्रोल इंजिनात इंधनाचा दाब 3-4 बार असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब), आधुनिक डिझेलमध्ये 1,600 ते 2,000 बार किंवा त्याहूनही जास्त. तेवढा दाब पेलणारा पंप आणि इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोट्या, बिघडले की खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

हिशोब लिटरमध्ये करा. पेट्रोल 15 चा अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेल 20 चा असं धरलं तर दहा हजार किलोमीटरला 667 आणि 500 लिटर, म्हणजे 167 लिटर वाचले. आता एका इंजेक्टर सेटचा खर्च मेकॅनिकला विचारा आणि तो किती वर्षांची बचत खातो ते बघा.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, कारण थंड स्टार्टला जे ऐकू येतं आणि दिसतं ते नंतर लपतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, पांढरा धूर गाडी तापल्यावरही जात नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय का ते तपासून घ्या. शक्य असेल तर स्कॅनर लावून फिल्टरमध्ये किती काजळी भरलीय तेही वाचून घ्या.

आणि डिझेल घेऊन झाली असेल, फेऱ्या छोट्याच असतील, तर आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या, एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन-अडीच हजारांवर. मधे थांबू नका.