आराखडा कोणासाठी, अहवाल कोणासाठी : नागपूर विद्यापीठाच्या नियोजनाची पार्श्वभूमी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला कायद्यानुसार दर पाच वर्षांसाठी बृहत् आराखडा तयार करावा लागतो आणि दरवर्षीचा वार्षिक अहवाल अधिसभेपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या प्रातिनिधिक सभेपुढे, ठेवावा लागतो. एकात पुढे काय करायचे ते असते, दुसऱ्यात काय झाले ते. त्यामुळे आराखड्यातील संकल्पांचा हिशेब अहवालात सापडेल, अशी वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असते. ती सहसा पूर्ण होत नाही. याचे खापर कोणाच्या हयगयीवर फोडण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : ही दोन कागदपत्रे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाचकांसाठी जन्माला आली आणि सर्वसाधारण नागरिक हा त्या वाचकांमध्ये फार उशिरा सामील झाला.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. तोपर्यंत हिस्लॉप आणि मॉरिस ही नागपुरातील जुनी महाविद्यालये परीक्षांसाठी अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. सुरुवातीला सहा संलग्न महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच पसारा असल्याने स्वतंत्र नियोजन-यंत्रणेची गरज कोणाला भासली नसावी. अहवालाची प्रथा मात्र विद्यापीठाहून जुनी होती. मध्य प्रांत व वऱ्हाडचे शिक्षण खाते सरकारला नियमित अहवाल सादर करीत असे आणि देशभरातील शिक्षणाचा पंचवार्षिक आढावा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच प्रसिद्ध होत होता. पाच वर्षांचे माप स्वातंत्र्योत्तर योजनांनी आणले असे आपण सहज धरून चालतो, पण सरकारी दप्तराला त्याची सवय त्याआधीच लागलेली होती. या अहवालांचा वाचक ठरलेला होता : अनुदान देणारे सरकार.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात न घेतल्यास जुन्या-नव्या अहवालांची तुलना फसवी ठरते. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र वारंवार आक्रसले आहे. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ स्थापन झाले आणि महाकोशल हा प्रांताचा हिंदीभाषक भाग तिकडे गेला; गंमत अशी, की त्याचे संस्थापक सर हरिसिंह गौर हे पूर्वी नागपूरचेच कुलगुरू होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले आणि पश्चिम विदर्भ वेगळा झाला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे उरले आहेत. म्हणून एखाद्या वर्षी महाविद्यालयांची किंवा परीक्षार्थींची संख्या घटलेली दिसली, तर ती अधोगतीची खूण की नुसती सीमारेषा सरकल्याचा परिणाम, हे आधी पाहावे लागते. कार्यक्षेत्रातील बदलाची तळटीप नसलेला तक्ता वाचकाची दिशाभूल करतो, मग त्यातील प्रत्येक आकडा खरा का असेना.

नियोजनाला खरा जोर आला तो पैशामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले आणि विकास अनुदान पंचवार्षिक योजनांच्या चौकटीत मिळू लागले. साहजिकच आराखडा म्हणजे इमारती, उपकरणे आणि नवी पदे यांची मागणी, असे त्याचे स्वरूप बनले. दिशा ठरवण्यापेक्षा मागणी नोंदवणे सोयीचे होते.

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियमाने आराखड्याचे काम महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाकडे सोपवले. येथून बृहत् आराखड्याचा प्रत्यक्ष उपयोग एका प्रश्नाभोवती केंद्रित झाला : नवे महाविद्यालय कोठे निघणार? आराखड्यात ज्या गावाचा स्थळबिंदू, म्हणजे नव्या महाविद्यालयासाठी निश्चित केलेले ठिकाण म्हणून नोंद, नाही, तेथे नव्या महाविद्यालयाचा प्रस्ताव पुढे सरकत नाही. त्यामुळे कुही, भिवापूर किंवा पारशिवनीसारख्या तालुक्यातील संस्थाचालक आराखडा उघडतो तो ध्येयधोरणांचे प्रकरण वाचायला नव्हे; तालुका, गाव आणि विद्याशाखा या रकान्यांत आपले ठिकाण आहे की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. हितसंबंध जिथे गुंतलेले असतात तिथेच दस्तऐवज बारकाईने वाचला जातो, हे मान्यच. परंतु त्यामुळे विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचे संशोधन, रिक्त पदे, ग्रंथालय यांविषयीची पाने जवळजवळ वाचकाविना राहिली.

त्याच वर्षी, १९९४ मध्ये, बंगळूरूला नॅकची, म्हणजे विद्यापीठे व महाविद्यालये यांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, स्थापना झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेल्या या व्यवस्थेने अहवालाला नवा वाचक दिला, तो म्हणजे बाहेरून येणारी तज्ज्ञ समिती. स्वयंमूल्यमापन अहवाल, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल ही सारी त्याचीच अपत्ये. नॅकच्या सात निकषांपैकी सहावा प्रशासन व नेतृत्वाचा असून, संस्थेची धोरणात्मक योजना आणि तिची अंमलबजावणी यांची विचारणा त्यातच होते. योजना आणि कामगिरी एकाच ठिकाणी तपासली जाण्याची ही महत्त्वाची सोय. २०१७ च्या सुधारित पद्धतीत गुणांचा मोठा भाग आकडेवारीकडे गेला, प्रत्येक दाव्यामागे पुरावा जोडणे आले आणि विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षणही सुरू झाले. २०१६ पासून एनआयआरएफची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांची केंद्र सरकारची, क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. अध्यापन, संशोधन, उत्तीर्णांची वाटचाल, समावेशकता आणि जनमानसातील प्रतिमा या तिच्या पाच कसोट्या. माझ्या मते क्रमवारीने वर्तमानपत्रांची सोय अधिक केली. एका क्रमांकात बातमी मावते, पण तो घसरला तर विद्यापीठाने नेमके काय बदलावे हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

नागरिकाला हक्काने प्रवेश मिळाला तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने रचना, अधिकार, अर्थसंकल्प आदी १७ बाबी कोणी न मागताही प्रसिद्ध करायच्या असतात. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवण्याची तरतूद आधीपासून होती. मात्र पटलावर ठेवलेला कागद आणि घरबसल्या पाहता येणारा कागद यांत पुष्कळ अंतर आहे.

सध्याचा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. जुने विकास मंडळ गेले, आराखड्याची जबाबदारी अधिष्ठाता मंडळाकडे, म्हणजे विद्याशाखांच्या प्रमुखांच्या मंडळाकडे, आली आणि त्याला मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची, म्हणजेच ‘माहेड’ची, मान्यता लागू लागली. केंद्राची बारावी आणि अखेरची पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली. ज्या महिन्यात केंद्राने पाच वर्षांचे चक्र सोडले, त्याच महिन्यात राज्याच्या नव्या कायद्याने ते विद्यापीठांसाठी कायम केले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संस्थात्मक विकास आराखड्याची भर घातली. म्हणजे बृहत् आराखडा राज्यासाठी, धोरणात्मक योजना नॅकसाठी आणि विकास आराखडा नव्या धोरणासाठी, अशी तिहेरी मांडणी एकाच विद्यापीठाला करावी लागते, आणि तिन्हींतील उद्दिष्टे एकमेकांशी जुळवण्याचे बंधन कोठेच ठळकपणे दिसत नाही.

या सगळ्या निकषांच्या गर्दीत विद्यार्थ्यांना आणि पालकांना तोंडपाठ असलेला निकष वेगळाच आहे. परीक्षेचा निकाल ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावावा, असे राज्याचा कायदा सांगतो. तो लांबल्यास कारणांचा तपशीलवार अहवाल कुलपतींना आणि शासनाला पाठवणे बंधनकारक आहे. विद्यापीठाच्या कामगिरीचे इतके स्पष्ट, मुदतीने बांधलेले आणि सर्वांना समजणारे दुसरे माप या कायद्यात क्वचितच असेल. मात्र विलंबाचा हा अहवालही वर जातो, विद्यार्थ्याकडे येत नाही. वार्षिक अहवालात परीक्षानिहाय शेवटच्या पेपरची तारीख, निकालाची तारीख आणि मधले दिवस असे तीन रकाने छापले, तर त्यासाठी नव्या कायद्याची गरज पडणार नाही, कारण या नोंदी परीक्षा विभागाकडे असतातच.