तपस्तब्धी: थर्मामीटरवरच्या संशयातून सापडलेली सीमा

वातावरणाचा ढवळता खालचा थर आणि त्यावरचा शांत थर यांच्यामधली सीमा म्हणजे तपस्तब्धी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती माहीत नव्हती आणि हिशेब सरळ होता. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण ६ अंशांनी उतरते आणि ते असेच उतरत राहणार. डोंगरावरच्या नोंदींतून याला दुजोरा मिळत होता. त्याहून वर माणूस पाठवणे अवघड होते. ३१ जुलै १९०१ रोजी बर्लिनहून उघड्या बलूनमधून निघालेले जर्मन हवामानशास्त्रज्ञ बेर्सन आणि स्यूरिंग सुमारे १०.८ किमीवर पोहोचले खरे, पण तिथे दोघेही बेशुद्ध पडले.

पॅरिसजवळच्या त्राप इथे फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ लेऑन तेसराँ द बोर यांनी त्याआधीच माणसाविना कागदी बलून सोडायला सुरुवात केली होती. त्यात घड्याळाच्या यंत्रावर फिरणारे नोंदणीयंत्र असे. बलून खाली आल्यावर ते शोधून आणायचे आणि त्यावरची तापमानाची रेघ वाचायची. ही रेघ ११ किमीच्या आसपास उतरायची थांबत होती.

पहिला संशय अर्थातच यंत्रावर आला, आणि तो रास्त होता. कागदी बलून उंचीवर गेला की त्याचा वेग मंदावतो, थर्मामीटरवरून हवा पुरेशी वाहत नाही आणि उन्हाने तो हवेपेक्षा जास्त तापतो. म्हणजे रेघ थांबवणारा हा 'उष्ण थर' उन्हाची करामतही असू शकत होता. म्हणून तेसराँ द बोर यांनी रात्रीही बलून सोडले. रेघ तरीही तिथेच अडली. २३६ उड्डाणांनंतर, २८ एप्रिल १९०२ रोजी त्यांचे निष्कर्ष फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आले. तीनच दिवसांनी बर्लिनमध्ये हवामानशास्त्रज्ञ रिशार्ड आसमान यांनीही तेच जाहीर केले. त्यांचे बलून बंद रबरी होते. ते फुगत फुगत शेवटपर्यंत वेगाने चढत आणि फुटत, त्यामुळे थर्मामीटरला वारा मिळत राही. दोन वेगळ्या साधनांनी एकच उत्तर दिल्यावर वादाला फारशी जागा उरली नाही.

कारण उलगडायला थोडा वेळ लागला. खालची हवा जमिनीकडून तापते, वर चढते, ढवळली जाते, ते तपांबर. वरच्या स्थितांबरात ढवळणे जवळजवळ थांबते आणि तापमान प्रारणाच्या, म्हणजे किरणांतून येणाऱ्या-जाणाऱ्या उष्णतेच्या, जमाखर्चावर ठरते. त्यात ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून उष्णता मिळवतो. मधली सीमा ती तपस्तब्धी. गडगडाटी ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरतो तो साधारण इथेच.

विषुववृत्तीय भागातल्या बलूनांनी आणखी एक धक्का दिला: तिथली तपस्तब्धी १६ ते १८ किमीवर आणि सुमारे उणे ८० अंशांची, ध्रुवांजवळ ती ८-९ किमीवरच आणि त्यापेक्षा उबदार. १९४९ मध्ये शास्त्रज्ञ ब्रूअर यांनी याचा फार सुंदर उपयोग केला. इंग्लंडवरच्या स्थितांबरात हवा इतकी कोरडी होती, की तिथल्या तपस्तब्धीच्या थंडीत ती तेवढी सुकणे शक्य नव्हते. म्हणजे ती उष्ण कटिबंधातल्या थंड तपस्तब्धीतून, बाष्प गोठवून टाकत, वर गेलेली असणार.

सीमा नेमकी कुठे धरायची, याचा जागतिक हवामान संघटनेचा निकष १९५७ चा: तापमान घटण्याचा दर किमीला २ अंश किंवा कमी होतो ती सर्वांत खालची पातळी, पण तिथून वरच्या २ किमीतल्या कोणत्याही पातळीपर्यंतची सरासरीही २ अंशांपुढे जाता कामा नये. दुसरी अट महत्त्वाची. समजा ८ किमीवर उणे ४०, ८.५ वरही उणे ४० आणि ९ वर उणे ४३.५ अंश आहे. फक्त अर्धा किमी पाहिला तर सीमा सापडल्यासारखी वाटते. पण ९ किमीपर्यंतची सरासरी ३.५ अंश येते आणि ८ किमी बाद होतो. ही अट नसती तर प्रत्येक पातळ स्थिर थर तपस्तब्धी ठरला असता.

तरीही अंटार्क्टिकावरच्या हिवाळ्यात हा निकष डळमळतो. सूर्य नसल्याने स्थितांबरही थंड होत जाते आणि रेघेला ठळक वळणच उरत नाही. जेट प्रवाहाजवळ, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याजवळ, सीमा एकदम तुटते, कधी एकावर एक दोन सापडतात. अशा ठिकाणी तापमान बाजूला ठेवून हवेचे फिरणे आणि स्थिरता एकत्र मोजणारी 'पोटेन्शियल व्हॉर्टिसिटी' पाहतात. विषुववृत्तापासून दूर तिचे २ एकक हे मूल्य सीमा म्हणून सर्रास वापरले जाते.