डबा वाढला, पाटी तीच

रावेरचा माझा भाचा केळीच्या गाड्यांचा हिशेब ठेवायला पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितोय. परवा त्याचा फोन आला. "मामा, बेरीज बरोबर येतेय, पण रंग घसरलेत." आज्ञेच्या शब्दाचं डोकं एका रंगात, शेपूट दुसऱ्या. फाइल बंद करून उघडली की सगळं जागेवर.

उघड-मीट केल्यावर बरं होणारं हे दुखणं प्रोग्रामचं नव्हतंच.

प्रोग्राम ज्यात लिहितात तो एडिटर वाचायला सोपं जावं म्हणून शब्दांना प्रकारानुसार रंग देतो. त्यासाठी तो मजकुराचं व्याकरण लावतो आणि त्याचं झाड बनवतो: हे वाक्य, त्यात ही आज्ञा, तिच्यात हे नाव. दर कळीला हजारो ओळींचं झाड मुळापासून उभारलं तर टाइप करणं अडखळेल. म्हणून जुनं झाड राखून बदललेली फांदीच तेवढी पुन्हा वाचायची. संशोधक टिम वॅगनर यांनी 1990च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात याची व्यवहारी रीत मांडली. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांचं ट्री-सिटर, म्हणजे एडिटरसाठी असं झाड बनवणारं साधन, त्याच वाटेने जातं. 2018 मध्ये ते अ‍ॅटम एडिटरमध्ये आलं. अ‍ॅटम 2022 मध्ये बंद पडला, ट्री-सिटर मात्र निओव्हिम आणि ईमॅक्स या एडिटरांमध्ये नांदतंय.

अर्धवट टाइप केलेला प्रोग्राम व्याकरणात बसत नाहीच. ट्री-सिटर तेवढ्या तुकड्यावर 'चूक' असा शिक्का मारून पुढे वाचत राहतं. अवतरणचिन्ह मिटायचं राहून खालचं सगळं हिरवं झालं, तर ती चूक आपली.

भाच्याचं प्रकरण वेगळं. झाडाला प्रत्येक बदल तीन आकड्यांत कळवावा लागतो: कुठून सुरू झाला, आधी कुठे संपत होता, आता कुठे संपतो. भुसावळला गाडीच्या पुढच्या बाजूला एक डबा वाढवला आणि फलाटावरच्या पाट्या बदलल्याच नाहीत, तर मागच्या प्रत्येक डब्याचे प्रवासी चुकीच्या दारासमोर उभे राहतात. गाडी ठीक, आरक्षण ठीक, धावपळ मात्र सगळ्यांची.

इथे डबा कुठे वाढला? भाच्याने रोमन लिपीतला चार अक्षरांचा शब्द खोडून देवनागरीत 'केळी' लिहिलं होतं. डोळ्याला दोन अक्षरं. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, लेखी चार चिन्हं: क, एकार, ळ, दीर्घ ईकार. पण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे ही चिन्हं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट (साठवणीची घरं) खातं, म्हणजे 12; रोमन अक्षराला एकच पुरतो. त्याच्या एडिटरातलं प्लगइन (झाडाला बदल कळवणारा जोड-प्रोग्राम) चिन्हं मोजत होतं, झाड बाइट. चाराच्या जागी चार आले, लांबी बदलली नाही, असा निरोप गेला. प्रत्यक्षात 8 बाइट वाढले होते, आणि पुढचे रंग तेवढेच मागे राहिले.

इंग्रजी मजकुरात चिन्ह आणि बाइट यांचा आकडा एकच येतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला ही चूक दिसतच नाही. ती पहिल्यांदा सापडते ती आपल्यासारख्यांना. (तक्रार केली की उत्तर येतं, "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय!")

दुरुस्ती एका ओळीची निघाली: मोजायचं ते बाइटमध्ये. भाच्याने चाचणीसाठी शब्द निवडला 'भरीत'. चार चिन्हं, बारा बाइट.