फॉग सिग्नल (रेल्वेचा फटाका)

रुळावर बसवायची आणि चाकाखाली चिरडताच मोठा आवाज करून इंजिनचालकाला सावध करणारी स्फोटक डबी. भारतीय रेल्वेच्या नियमावलीत तिला ‘डिटोनेटर’ किंवा ‘फॉग सिग्नल’ म्हटले आहे. कर्मचाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘पटाखा’ किंवा ‘फटाका’. खाणीत सुरुंग उडवण्यासाठी वापरतात तो डिटोनेटर वेगळा. रेल्वेच्या फटाक्याने रूळ तुटत नाही की गाडी घसरत नाही. तो फक्त आवाजासाठी असतो. पण हाताजवळ फुटला तर बोटे आणि डोळे जाऊ शकतात.

रचना साधी असते. सुमारे पाच सेंमी व्यासाची पत्र्याची चपटी डबी, आत बंदुकीची दारू आणि आघाताने पेट घेणाऱ्या टोप्या. डबीला जोडलेल्या मऊ धातूच्या पट्ट्या रुळाच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना खाली वाकवल्या की ती जागेवर घट्ट बसते. छाप असलेली बाजू वर ठेवायची असते.

शोधाचे श्रेय एडवर्ड आल्फ्रेड कूपर (१८१९–९३) या इंग्रज अभियंत्याला दिले जाते आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो सालाचा. काही चरित्रकोश १८३७ देतात, तर रेल्वेविषयक संदर्भग्रंथांत बहुधा १८४१ आढळते. १८३७ मध्ये कूपर जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा असून लंडनमधील जॉन ब्रेथवेट यांच्याकडे उमेदवारी करीत होता. कल्पना त्या वयात सुचणे अशक्य नाही. मात्र पहिली चाचणी लंडन–क्रॉयडन मार्गावर झाली असे तेच चरित्रकोश सांगतात, आणि हा मार्ग १८३९ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्यामुळे १८३७ हे फार तर कल्पनेचे साल मानावे लागते. प्रत्यक्ष वापरासाठी १८४१ अधिक जुळते. कूपरचे नाव आज पोलाद उद्योगात झोतभट्टीची हवा तापवणाऱ्या ‘कूपर स्टोव्ह’मुळे जास्त परिचित आहे.

ब्रिटनमध्ये धुक्याच्या रात्री सिग्नलपाशी शेकोटी करून बसलेला ‘फॉगमन’ ही नेहमीची नेमणूक होती. सिग्नल धोक्याचा असेतो फटाका रुळावर ठेवायचा आणि सिग्नल पडला (मार्ग मोकळा झाला) की काढून घ्यायचा, हे त्याचे काम. नवविवाहित जोडप्याची गाडी सुटताना किंवा निवृत्त होणाऱ्या चालकाच्या शेवटच्या फेरीला रुळावर फटाके लावण्याची प्रथाही तिथलीच.

भारतात सध्याची पद्धत १९७६ च्या सामान्य नियमांवर आधारलेली आहे. स्थानकापासून १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की हवा ‘धुकट’ समजतात. मग सिग्नलच्या अलीकडे किमान २७० मीटरवर, एकमेकांपासून सुमारे १० मीटर अंतराने दोन फटाके लावतात. मार्गात अडथळा आला, गाडी मध्येच अडकली, तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन. मीटरगेज व नॅरोगेजवर हीच अंतरे ४०० व ८०० मीटर. रात्री, पावसात, खडीवरून १,२०० मीटर धावत जाणे म्हणजे काय, हे नियमात लिहिलेले नसते. फटाका फुटला की चालकाने शिट्टी देत, थांबण्याच्या तयारीने पुढे जायचे. दीड किलोमीटरपर्यंत दुसरा फटाका किंवा अडथळा आला नाही, तरच पूर्ववत वेग घ्यायचा.

गार्ड (२०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’), चालक, स्टेशन मास्तर, गेटमन, कीमन (रुळांची पाहणी करणारा), मुकादम या सर्वांकडे ठरलेला साठा असतो. पावसाळ्यात घाटात आणि कोकणात रुळांवर गस्त घालणाऱ्याच्या झोळीत बत्ती व शिट्टीबरोबर दहा फटाक्यांचा पत्र्याचा डबा असतो. हा डबा विटांच्या भिंतीला, ओल्या लाकडाला किंवा जंतुनाशक पावडरीला लागून ठेवू नये, इतका बारकावा नियमांत आहे. डबीवर उत्पादनाचे साल असते. मुदतीनंतर चाचणी होते आणि निकामी ठरलेले फटाके देखरेखीखाली नष्ट करतात, उदा. शंटिंग करताना वाघिणीखाली फोडून. म्हणजे प्रत्येक फटाका नोंदवहीत असायला हवा. १८ सप्टेंबर २०२४ रोजी भुसावळ विभागात सागफाटा स्थानकाजवळ लष्कराच्या विशेष गाडीच्या मार्गात दहा फटाके आढळले, तेव्हा आधी घातपाताचा संशय आला. पुढे अटक झाली ती एका रेल्वे कर्मचाऱ्याला.

मुलांना असलेला धोका याच हिशेबाबाहेर राहिलेल्या डब्यांतून येतो. चाकाचा दाब आणि दगडाचा घाव यांत टोपीला फरक कळत नाही. चकचकीत, पट्ट्यांची गोल डबी खिशात घालण्याजोगी दिसते; ती ठेचली, चुलीत टाकली किंवा उघडायचा प्रयत्न केला, की पत्र्याचे तुकडे उडतात. गंजलेली डबी निकामी झाली असे समजू नये. रुळालगतच्या वस्त्यांतल्या व शाळांतल्या मुलांना सांगायचे ते एवढेच : हात लावायचा नाही, मित्रांना गोळा करायचे नाही, जागा लक्षात ठेवून मागे फिरायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. मोठ्यांनीही ती घरी किंवा ठाण्यात उचलून न नेता गेटमन, स्टेशन मास्तर किंवा रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवावे. फटाका शोधायला रुळांत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाच आहे.

१८९० च्या जुन्या रेल्वे कायद्याची नजर उलट दिशेने होती. त्यातील कलम १३० प्रमाणे गाडीची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बारा वर्षांखालील मुलाला फटक्यांची शिक्षा देता येई किंवा बापाकडून हमीपत्र लिहून घेता येई. गाडीला मुलापासून वाचवण्याची ती तरतूद होती. मुलाला डबीपासून वाचवणारे काही तिच्यात नव्हते.

उत्तर भारतातील धुक्यासाठी आता जीपीएसवर चालणारी ‘फॉग पास’ उपकरणे इंजिनात असतात आणि पुढच्या सिग्नलची सूचना चालकाला आधीच मिळते. अडकलेल्या गाडीच्या रक्षणासाठी मात्र १,२०० मीटरवरचे तीन फटाके कायम आहेत.