पादविकार

पादविकार : घोट्याखालच्या भागातील हाडे, सांधे, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे तंतुमय पट्टे), त्वचा, नखे, मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांना होणारे विकार. प्रत्येक पावलात २६ हाडे व ३३ सांधे असून शंभराहून अधिक स्नायू, कंडरा व अस्थिबंध त्यांना बांधून ठेवतात. उभ्या माणसाचा सगळा भार या रचनेवर येतो. त्यामुळे दुखऱ्या पावलाला पुरती विश्रांती देणे सहसा जमत नाही आणि किरकोळ तक्रारीही लांबतात. लवकर केलेल्या उपचाराचे मोल मात्र सर्व विकारांत सारखे नसते. वेदना आणि धोका यांचा मेळ पावलात फारसा बसत नाही. टाचदुखी माणसाला हैराण करते पण बहुधा बरी होते, तर पाय गमावण्याची वेळ आणणाऱ्या जखमा पुष्कळदा दुखतच नाहीत.

जुने उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये (किरकोळ मानलेल्या विकारांमध्ये) पाददारी, कदर, अलस, चिप्प (नखाभोवतालचा दाह) व कुनख (बिघडलेले नख) यांची वर्णने येतात. संहितेच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही आणि उपलब्ध पाठ एकाहून अधिक संस्करणांतून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. पाददारी म्हणजे भेगा आणि कदर म्हणजे कुरूप (भोवरी) याबद्दल फारसा वाद नाही. दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या ओलसर होऊन त्यांत कंड व दाह होणे, हे अलसाचे वर्णन चिखल्यांशी चांगले जुळते. वातकंटक या पायाच्या दुखण्याबद्दल मात्र सावधगिरी हवी. काही आधुनिक लेखक त्याला टाचदुखी किंवा टाचेचे वाढलेले हाड म्हणतात. मूळ वचनात पाऊल वेडेवाकडे पडल्याने होणारी वेदना सांगितली आहे, तेव्हा घोटा मुरगळण्याशी त्याचे साम्य अधिक वाटते. यूरोपात पेट्रुस काम्पर यांनी १७८१ मध्ये पादत्राणांच्या योग्य आकारावर प्रबंध लिहिला. लुईस डर्लाकर यांच्या १८४५ च्या ग्रंथात कुरूप, नखांचे विकार आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांमधील मज्जातंतूची वेदना यांचे विवेचन आहे. ही वेदना आज टॉमस मॉर्टन यांच्या नावाने ओळखली जाते, पण मॉर्टन यांचे लेखन १८७६ चे, म्हणजे नंतरचे आहे.

अंगठ्याचा वाकडेपणा : अंगठा शेजारच्या बोटांकडे झुकतो व त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा दिसू लागतो. याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. या संज्ञेचे श्रेय १८७० च्या सुमाराच्या लेखनासाठी कार्ल ह्यूटर यांना दिले जाते. क्ष-किरण चित्रात अंगठा व त्यामागील लांब हाड यांतील कोन १५ अंशांहून अधिक असल्यास तो विकृत समजतात.

या विकाराच्या कारणाबद्दलचा वाद जुना आहे. एक पक्ष चिंचोळ्या टोकाच्या बुटांना दोष देतो. १९५८ मध्ये लॅम सिम-फूक व हॉजसन यांनी हाँगकाँगमधील चिनी लोकांच्या पावलांची तुलना प्रसिद्ध केली. बूट वापरणाऱ्यांत हा विकार ३३ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळला. केंब्रिज येथील मध्ययुगीन सांगाड्यांवरील २०२१ चा अभ्यासही याच बाजूचा आहे. अकराव्या ते तेराव्या शतकांतील दफनांत ६ टक्के, तर चौदाव्या-पंधराव्या शतकांतील दफनांत २७ टक्के व्यक्तींत त्याच्या खुणा मिळाल्या, आणि लांब टोकदार बुटांची फॅशन याच उत्तरकाळात पसरली होती. दुसरा पक्ष आनुवंशिकतेवर भर देतो. अनेक रुग्णांच्या आईवडिलांपैकी एकाला तरी हा त्रास असतो, काहींत तो पौगंडावस्थेपूर्वीच सुरू होतो, आणि तसेच बूट वापरणाऱ्या बहुतेकांना तो होत नाही. शिवाय अनवाणी समाजांतही तो पूर्णपणे अनुपस्थित नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा एकत्र पाहता, वारशाने मिळालेली पावलाची ठेवण हा पाया आणि पादत्राण हे त्यावरचे निमित्त, ही मांडणी अधिक समाधानकारक ठरते. उपचाराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पुढे रुंद असलेले बूट वेदना कमी करतात. बोटांमध्ये बसवण्याच्या पट्ट्यांनी प्रौढांचा अंगठा कायमचा सरळ होतो, असे दिसून आलेले नाही. शस्त्रक्रिया वेदनेसाठी करावी, केवळ दिसण्यासाठी नव्हे.

टाचदुखी : सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेखाली कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. तळव्याच्या जाड तंतुपट्टाचा हा विकार पूर्वी दाह समजला जाई. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० शस्त्रक्रियांतील ऊतींच्या तपासणीत दाहापेक्षा झिजेच्या खुणा आढळल्या, आणि तेव्हापासून ‘दाह’ या कल्पनेला ओहोटी लागली. क्ष-किरण चित्रात दिसणारे टाचेचे टोकदार हाड वेदना नसलेल्या पुष्कळ लोकांतही असते. म्हणून केवळ त्याच्यावर बोट ठेवणे योग्य नाही. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, टाचेला आधार आणि उभे राहण्याच्या वेळेत कपात एवढ्यावर बहुतेकांचे दुखणे वर्षभरात थांबते.

त्वचा व नखे : कुरूप व घट्टे हे सततच्या दाबाला व घर्षणाला त्वचेने दिलेले उत्तर आहे. दाबाचे कारण दूर केल्याशिवाय ते कापले तरी परत येतात. तळव्यावरील चामखीळ विषाणुजन्य असते. ती दोन बाजूंनी चिमटल्यास दुखते, तर कुरूप सरळ दाबल्यास. चामखिळीत त्वचेच्या रेषा तुटतात आणि काळे ठिपके दिसतात. चिखल्यांचे कारण बहुधा बुरशी असते. बेचक्या कोरड्या ठेवणे व बुरशीनाशक मलम पुरेसे होते. मात्र तडकलेल्या त्वचेतून जंतू शिरून पाय सुजू शकतो. नखांतील बुरशीचे औषध बरेच आठवडे घ्यावे लागते आणि अंगठ्याचे नख पूर्ण नव्याने यायला १२ ते १८ महिने लागतात. जाड व पिवळे प्रत्येक नख बुरशीचेच असते असे नाही. औषधापूर्वी नमुना तपासून घेणे इष्ट. मांसात रुतणारे नख बहुधा कोपरे गोल कापल्याने त्रास देते.

सपाट पाऊल : लहान मुलांचे पाऊल स्वभावतःच सपाट असते आणि कमान पहिल्या दशकात घडत जाते. राव व जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० भारतीय मुलांचे पाऊलठसे तपासले (१९९२). पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के पावले सपाट निघाली. वेदनारहित व लवचीक सपाट पावलाला उपचाराची गरज नसते. अशा मुलांना केवळ आकारासाठी खास बूट घालायला लावू नयेत. प्रौढपणी एकाच पायाची कमान खचू लागणे ही मात्र वेगळी बाब आहे. यात घोट्याच्या आतल्या बाजूची कंडरा निकामी होत जाते आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. पाऊल लवचीक असेपर्यंत आधार व व्यायामाने काम भागते किंवा सांधे राखणारी शस्त्रक्रिया शक्य असते. ते ताठरले की सांधे जोडून टाकण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही.

संवेदनाहीन पाऊल : लवकर उपचाराचा सर्वांत मोठा लाभ येथे आहे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या तळव्यावरील व्रण रोगजंतूंनी थेट होत नाहीत; वेदना न जाणवल्याने त्याच जागी पुन्हापुन्हा पडणारा दाब त्यांना कारण होतो. हाच विचार पुढे मधुमेही पावलाला लागू झाला. मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी पायाचा व्रण होतो, असा अंदाज आहे. मधुमेहात कापाव्या लागणाऱ्या पायांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत आधी व्रण झालेला असतो. म्हणजे मधे थांबवण्याजोगा टप्पा असतो आणि तो बहुधा एका दुर्लक्षित घट्ट्यापासून किंवा बुटातील खड्यापासून सुरू झालेला असतो.

झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये वर्णिलेला सांधेनाश मधुमेहातही होतो, हे १९३६ मध्ये जॉर्डन यांनी नोंदले. पाऊल लाल, गरम व सुजलेले असते, दुखते थोडेच, आणि सुरुवातीचे क्ष-किरण चित्र स्वच्छ असू शकते. त्यामुळे जंतुसंसर्ग किंवा मुरगळ समजून आठवडे वाया जातात. दुसऱ्या पावलाच्या तुलनेत सुमारे २ अंश सेल्सिअस अधिक उष्णता ही उपयुक्त खूण आहे. याच वेळी संपूर्ण संपर्काचे (पावलाला सर्व बाजूंनी चिकटून बसणारे) प्लास्टर घालून भार काढला तर कमान वाचू शकते.

संवेदना तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा पुरतो. संवेदना व रक्तपुरवठा शाबूत असलेल्या मधुमेहींची पाहणी वर्षातून एकदा करतात. यांपैकी एक बाब बिघडल्यास ती ६ ते १२ महिन्यांनी आणि पूर्वी व्रण किंवा अंगच्छेद झालेल्यांत दर १ ते ३ महिन्यांनी करावी, अशी मधुमेही पावलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची शिफारस आहे.