बाळाच्या रिपोर्टमधील ठळक आकडा म्हणजे आजारच का?

तान्ह्या बाळाच्या रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापलेला असेल तर बाळाला आजार आहेच, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे.

पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु ती खूण केवळ शेजारच्या रकान्यातील मर्यादेशी केलेली तुलना दाखवते, आणि ती मर्यादा कधीकधी प्रौढांची असते. उदाहरणार्थ, जन्मतः हिमोग्लोबिन (तांबड्या पेशींतील ऑक्सिजन वाहणारा घटक) दर डेसिलिटर रक्तात साधारण 14 ते 20 ग्रॅम असते. श्वासोच्छ्वास सुरू झाल्यावर रक्ताला ऑक्सिजन भरपूर मिळू लागतो, नव्या तांबड्या पेशींची निर्मिती काही काळ मंदावते, आणि पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळातही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन 9 ते 11 पर्यंत उतरून पुढे सावरते. पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट हा प्रकार अधिक असणे हेही या वयात स्वाभाविकच.

लघवीचे थोडे निराळे आहे. चिकटवलेल्या पिशवीत गोळा केलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात. म्हणून त्याचे कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) पॉझिटिव्ह आल्यास नळीने किंवा थेट धारेतून घेतलेल्या नमुन्यावर खात्री करावी लागते.

रिपोर्टवर बाळाचे वय बरोबर नोंदले आहे का आणि छापलेली मर्यादा त्याच वयाची आहे का, हे पाहावे. नसल्यास प्रयोगशाळेकडे विचारावे. मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर आकडे कसेही असोत, डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे.